पुराचं पाणी पिण्याजोगं करता येतं का? क्लोरीनची गोळी, फिल्टर आणि उकळणं यांनी नेमकं काय होतं?

ऑगस्ट 2019. पंचगंगेच्या महापुरानं कोल्हापूरला वेढा घातला होता. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता. आणि घरातल्या नळाला मात्र पाणी नव्हतं, कारण नदीतून पाणी उचलून शहराला देणारी उपसा केंद्रंच पुरात बुडाली होती.

जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीनं चिपळूण आणि सावित्रीनं महाड बुडवलं. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यातली आणि सोलापूर जिल्ह्यात सीना नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. दरवेळी नदी वेगळी होती, अडचण मात्र तीच. चहूकडे पाणी, पण प्यायला घोटभर नाही.

अशा वेळी मदतीच्या सामानात क्लोरीनच्या गोळ्या येतात. कुणी छोटे फिल्टर वाटतं. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतात की 'ही एक गोळी टाका, कसलंही पाणी शुद्ध होईल.' हे कितपत खरं आहे?

थोडक्यात सांगायचं तर गोळी काम करते, फिल्टर काम करतो आणि उकळणंही काम करतं. पण तिघांचं काम वेगवेगळं आहे. एकाचं काम दुसऱ्याकडून होईल असं गृहीत धरलं, की पाणी स्वच्छ दिसतं आणि तरीही माणसं आजारी पडतात.

पुरानंतर पाणी धोकादायक का होतं?

पुराचं पाणी गावात शिरतं तेव्हा ते एकटं येत नाही. शौचालयांचे खड्डे, गटारं, उकिरडे, मेलेली जनावरं, गोठ्यातलं शेण हे सगळं त्यात मिसळतं. तेच पाणी विहिरीत उतरतं, हातपंपाच्या कडेनं झिरपतं आणि फुटलेल्या पाइपलाइनमध्ये शिरतं.

या पाण्यातून पसरणाऱ्या रोगजंतूंचे ढोबळमानानं तीन गट आहेत:

1. जीवाणू (बॅक्टेरिया): कॉलरा, टायफॉइड, हगवण
2. विषाणू (व्हायरस): हेपॅटायटिस ए आणि ई म्हणजे कावीळ, रोटाव्हायरस, नोरोव्हायरस
3. परजीवी: जिआर्डिया, अमिबा, क्रिप्टोस्पोरिडियम

चौथा गट जंतूंचा नाही, तो रसायनांचा आहे. डिझेल, कीटकनाशकं, कारखान्यातलं सांडपाणी वगैरे.

कोणतंही साधन वापरण्याआधी प्रश्न एकच विचारायचा: यातल्या कोणत्या गटावर हे चालतं?

क्लोरीनची गोळी कसं काम करते?

आपत्तीत वाटल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट या रसायनाच्या असतात. नाव लांबलचक असल्यामुळे तिला एनएडीसीसी म्हणतात. ही गोळी पाण्यात विरघळली की क्लोरीन सुटतो आणि तो जंतूंच्या पेशी निकामी करतो. बहुतेक जीवाणू आणि विषाणू यात मरतात. जिआर्डियाला जास्त वेळ लागतो. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र क्लोरीनला दाद देत नाही.

नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेनंही अशी क्लोरीनची गोळी तयार केलेली आहे. 0.5 ग्रॅमची एक गोळी 20 लिटर पाण्यासाठी पुरते.

पण सगळ्यांत जास्त चुका होतात त्या याच मात्रेत. एनएडीसीसीच्या गोळ्या वेगवेगळ्या वजनाच्या येतात. 67 मिलिग्रॅमची गोळी साधारण 20 लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यासाठी असते, तर 33 मिलिग्रॅमची 10 लिटरसाठी. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच. 20 लिटरची गोळी एक लिटरच्या बाटलीत टाकली, तर मात्रा वीसपट होते आणि पाणी तोंडात धरवत नाही. उलट 200 लिटरच्या पिंपात तीच एक गोळी टाकली, तर काहीच साध्य होत नाही.

म्हणून पाकिटावर लिहिलेलं वाचणं आणि आपला हंडा किंवा कळशी किती लिटरची आहे हे माहीत असणं महत्त्वाचं आहे. एक लिटरच्या बाटलीनं मोजून भांडं एकदा भरलं, की ते कळतं.

आणखी एक गोष्ट. ही गोळी गिळायची नसते. पाकीट औषधाच्या स्ट्रिपसारखं दिसतं, त्यामुळे वाटताना हे स्पष्ट सांगावंच लागतं. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ती ठेवावी.

गढूळ पाण्यात गोळी कमी का पडते?

पुराचं पाणी चहाच्या रंगाचं असतं. त्यात मातीचे कण आणि कुजलेला पाला असतो. क्लोरीन पाण्यात पडला की जंतू शोधत बसत नाही. समोर येईल त्या सेंद्रिय घाणीशी त्याची रासायनिक क्रिया होते. घाण जास्त असेल तर तो तिथंच खर्च होतो आणि जंतूंसाठी उरत नाही. शिवाय मातीच्या कणांआड लपलेल्या जंतूंपर्यंत तो पोचतही नाही.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी पाणी निवळायचं, मग गाळायचं आणि शेवटी गोळी टाकायची.

निवळण्यासाठी तुरटी हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि त्यामागं पक्कं विज्ञान आहे. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही याच प्रकारची रसायनं वापरली जातात. पण तुरटी फिरवल्यानं पाणी नितळ होतं, निर्जंतुक होत नाही. हा फरक विसरला जातो.

गाळण्यासाठी जुनेर उत्तम. बांगलादेशातल्या मतलब भागात संशोधक रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून त्यातून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलराचे रुग्ण सुमारे 48 टक्क्यांनी कमी झाले होते. कॉलराचा जीवाणू कापडाच्या छिद्रांपेक्षा खूपच लहान असतो. पण तो पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि हे प्राणी कापडात अडकतात. वारंवार धुतल्यानं जुन्या साडीचे धागे फुलतात, छिद्रं बारीक होतात, म्हणून नव्या कापडापेक्षा जुनं कापड चांगलं.

अर्थात 48 टक्के म्हणजे निम्म्याच्या आसपास. गाळणं ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही.

मग योग्य पद्धत कोणती?

1. त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी निवडा. पाऊस सुरू असेल तर उघड्यावर स्वच्छ भांडं ठेवून थेट धरलेलं पावसाचं पाणी हे पुराच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं. कौलांवरून येणाऱ्या पागोळ्या धरायच्या असतील तर सुरुवातीचं पाणी वाहून जाऊ द्या.
2. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवा आणि गाळ तळाशी बसेपर्यंत भांडं हलवू नका.
3. वरचं नितळ पाणी जुन्या, स्वच्छ सुती कापडाच्या चार ते आठ घड्यांतून दुसऱ्या भांड्यात गाळा.
4. भांड्याच्या मापानुसार गोळी टाका आणि ढवळा. पाणी तरीही गढूळ दिसत असेल तर मात्रा दुप्पट करायला सांगतात. पाकिटावरची सूचना पाहा.
5. झाकण ठेवा आणि किमान 30 मिनिटं थांबा. हा अर्धा तास टाळता येत नाही. तेवढा वेळ मिळाला नाही तर क्लोरीनचं काम अर्धवट राहतं.
6. पाणी काढायला हात किंवा पेला बुडवू नका. ओगराळं वापरा किंवा तोटीचं भांडं घ्या.

शेवटची पायरी क्षुल्लक वाटते, पण शुद्ध केलेलं पाणी पुन्हा दूषित होतं ते बहुतेकदा बुडवलेल्या हातामुळे.

घरात गोळ्या नसतील तर आरोग्य कर्मचारी वाटतात ती द्रव क्लोरीनची छोटी बाटलीही चालते. अनेक जण तिला मेडिक्लोर म्हणूनच ओळखतात. तिथंही नियम तोच: थेंबांचं प्रमाण बाटलीवर बघा आणि अर्धा तास थांबा.

पोर्टेबल फिल्टर काय करतो आणि काय करत नाही?

ट्रेकिंगला वापरतात तो स्ट्रॉसारखा फिल्टर किंवा बादलीला जोडायचा छोटा फिल्टर, यात बहुधा पोकळ तंतूंचा जुडगा असतो. त्या तंतूंच्या भिंतींना 0.1 किंवा 0.2 मायक्रॉनची छिद्रं असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

या छिद्रांतून जिआर्डिया जात नाही, क्रिप्टोस्पोरिडियम जात नाही आणि बहुतेक जीवाणूही जात नाहीत. म्हणजे क्लोरीन जिथं कमी पडतो तिथं फिल्टर उपयोगी ठरतो. वीज लागत नाही, चव बदलत नाही, थांबावं लागत नाही.

अडचण विषाणूंची आहे. ते साधारण 0.02 ते 0.1 मायक्रॉनचे असतात आणि अशा फिल्टरमधून सहज निसटतात.

महाराष्ट्रासाठी ही बारीकसारीक बाब नाही. पंचगंगेच्याच काठावरच्या इचलकरंजीत 2012 मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. ती हेपॅटायटिस ई विषाणूची होती. हा विषाणू साधारण 0.03 मायक्रॉनचा. 0.1 मायक्रॉनचा फिल्टर त्याच्यासाठी उघडं दारच. हेपॅटायटिस ई गरोदर स्त्रियांसाठी विशेष घातक ठरू शकतो.

त्यामुळे पाकिटावर '99.99 टक्के बॅक्टेरियापासून संरक्षण' असं लिहिलेलं असेल तर ते खोटं असेलच असं नाही. पण त्यात व्हायरसबद्दल काही लिहिलंय का, हे पाहायला हवं. लिहिलेलं नसेल, तर फिल्टर केलेल्या पाण्यात क्लोरीनही टाकावा.

फिल्टरच्या आणखी दोन मर्यादा आहेत. गढूळ पाण्यानं तो लवकर तुंबतो आणि उलट बाजूनं पाणी सोडून धुवावा लागतो. आणि फिल्टरमधून बाहेर पडलेल्या पाण्याला पुढं कोणतंच संरक्षण नसतं. क्लोरीनचा थोडा अंश पाण्यात उरतो आणि साठवणीत राखण करतो. फिल्टरच्या पाण्यात असं काही उरत नाही.

घरातला आरओ अशा वेळी कामाचा नाही, कारण त्याला वीज आणि दाब लागतो. विजेशिवाय चालणारी साधनं आहेत. पूरग्रस्त भागांसाठी नीरीनं 'नीरी-झर' नावाचं पोर्टेबल यंत्र तयार केलं आहे.

पाणी किती वेळ उकळायचं?

कुणी दहा मिनिटं सांगतं, कुणी वीस. प्रत्यक्षात पाण्याला खळखळून उकळी आल्यानंतर एक मिनिट पुरतं. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं उकळावं, कारण तिथं पाणी कमी तापमानाला उकळतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचं आहे. म्हणजे राज्यात कुठंही एक मिनिट पुरेसं आहे.

उकळण्यानं जीवाणू, विषाणू, परजीवी तिन्ही मरतात. जंतूंच्या बाबतीत यापेक्षा खात्रीचा उपाय नाही. मग गोळ्या हव्यात कशाला?

कारण पुरात सरपण भिजलेलं असतं आणि सिलिंडर संपत आलेला असतो. निवारा केंद्रात शेकडो माणसं असतात. आपत्तीतल्या मदतीसाठीचे स्फिअर हे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, की पिण्यासाठी आणि अन्नासाठी मिळून माणशी दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी लागतं. पाच माणसांच्या घराचे झाले 12 ते 15 लिटर. एवढं पाणी रोज उकळायचं, निववायचं आणि झाकून ठेवायचं, हे शाळेच्या एका खोलीत चार कुटुंबं राहत असताना जमत नाही. म्हणूनच 'वीस मिनिटं उकळा' हा सल्ला घातक ठरू शकतो. इंधन नसलेलं घर मग उकळणंच सोडून देतं.

उपलब्ध इंधनात लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसांचं पाणी उकळायचं आणि बाकीच्यांसाठी गोळी वापरायची, ही विभागणी अनेक घरांना परवडू शकते.

यातलं काहीच चालत नाही, असं पाणी कोणतं?

पाण्यावर तेलाचा तवंग दिसत असेल, डिझेल किंवा औषधाचा वास येत असेल, जवळचा पेट्रोल पंप, कीटकनाशकांचं दुकान किंवा कारखाना बुडाला असेल, तर ते पाणी शुद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये. गोळी रसायनं काढत नाही. उकळल्यानं पाण्याची वाफ होते आणि बरीच रसायनं मागं जास्त तीव्र होऊन राहतात. छोटे फिल्टरही ती अडवत नाहीत. अशा वेळी टँकर, सीलबंद पाणी किंवा थेट धरलेलं पावसाचं पाणी, एवढेच पर्याय उरतात.

गोळ्या वाटूनही उपयोग का होत नाही?

प्रयोगशाळेत गोळी जवळपास चोख काम करते. घरात गेल्यावर चित्र बदलतं.

नेपाळ, इंडोनेशिया, केनिया आणि हैती इथल्या 2009-10 मधल्या आपत्तींत घरगुती जलशुद्धीकरणाचा खरोखर किती उपयोग झाला, याचा अभ्यास डॅनियल लँटेन आणि थॉमस क्लासन या संशोधकांनी केला. साधन वापरून पाणी प्रत्यक्षात सुरक्षित झालं अशा घरांचं प्रमाण कुठं शून्य, तर कुठं 67.5 टक्क्यांपर्यंत होतं. साधनं साधारण त्याच प्रकारची, आणि फरक एवढा मोठा.

चांगले परिणाम दिसले ते जिथं पाणी खरंच दूषित होतं, जिथं लोकांना ती वस्तू आधीपासून माहीत होती आणि जिथं कुणीतरी घरी जाऊन ती कशी वापरायची हे दाखवलं होतं. नुसतं पाकीट हातात देऊन निघून गेलेल्या ठिकाणी ते पाकीट तसंच पडून राहिलं.

यात वासाचा वाटा मोठा असतो. क्लोरीनच्या पाण्याला वास येतो. ज्यांना तो ओळखीचा नाही त्यांना वाटतं पाण्यात औषध कालवलंय, आणि पाणी ओतून दिलं जातं. खरं तर अर्ध्या तासानंतर येणारा हलका वास म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे याची खूण. वास नकोसा झाला तर पाणी दोन स्वच्छ भांड्यांत वरखाली करावं किंवा थोडा वेळ ठेवावं, तो कमी होतो.

हा प्रश्न फक्त पुराचा आहे का?

नाही. जानेवारी 2025 मध्ये पूर नसताना पुण्यात गुलेन-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. राज्यातल्या संशयित रुग्णांची संख्या पुढं दोनशेच्या वर गेली आणि काहींचा मृत्यूही झाला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातापायांतलं बळ जातं. जीबीएस संसर्गजन्य नाही, पण पोटाच्या संसर्गानंतर तो उद्भवू शकतो. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू त्याचं एक ओळखीचं कारण आहे. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत हा जीवाणू आणि नोरोव्हायरस सापडला.

रुग्ण मोठ्या प्रमाणात सिंहगड रस्ता परिसरातले होते. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही तिथली महापालिकेत अलीकडच्या काळात आलेली गावं. तिथला पाणीपुरवठा आणि त्यातला क्लोरीन हा तेव्हा चर्चेचा मुख्य विषय बनला. महापालिकेनं पाणी विकणाऱ्या काही खासगी आरओ प्रकल्पांवरही कारवाई केली.

कॅम्पायलोबॅक्टर क्लोरीनसमोर टिकणारा जंतू नाही. योग्य मात्रा आणि पुरेसा वेळ मिळाला तर तो मरतो. म्हणजे घरात गोळी लागते, ती नळाच्या पाण्यात असायला हवा तो क्लोरीन पोचलेला नसतो म्हणून.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळा क्लोरीन शिल्लक असावा. तोही टाकीजवळ नाही, तर शेवटच्या नळाला. विषाणूंचा धोका असेल तर हे प्रमाण 0.5 असावं.

महाराष्ट्रातल्या गावांत यासाठी व्यवस्था आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर टाकतो. क्लोरीन आहे की नाही हे ओटी टेस्टनं तपासतात. पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं.

पण टीसीएल नाशवंत आहे. ताज्या पावडरमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो. मग पावडर पडते, नोंदवहीत नोंदही होते, पण पाण्यात क्लोरीन नसतो.

मात्रेचं गणितही लागतं. साधारण 1,000 लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम ताजी पावडर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते जवळपास 63,000 लिटर भरतं. म्हणजे सुमारे 160 ग्रॅम पावडर आणि नंतर तासभर थांबणं. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला एवढ्यानं भागत नाही. ती आधी उपसावी लागते.

पावसाळ्याआधी काय करता येईल?

नदीकाठच्या घरांनी मे महिन्यातच एका डब्यात हे ठेवावं: क्लोरीन गोळ्यांची एक पट्टी (मुदत तपासून), तुरटीचा खडा, धुतलेलं जुनेर, झाकणाचं 20 लिटरचं भांडं, ओगराळं आणि जलसंजीवनीची म्हणजे ओआरएसची काही पाकिटं. गोळी एकदा कोरड्या दिवशी वापरून पाहावी. घरातल्या सगळ्यांनी ते पाणी चाखावं. म्हणजे पुरात वास आला तर कुणी पाणी ओतून देणार नाही.

आणि ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसमध्ये दोन प्रश्न विचारावेत. आमच्या शेवटच्या नळाला ओटी टेस्ट शेवटची कधी झाली? आणि टीसीएलचं पोतं कोणत्या महिन्यात आलं?